मृगात टाकलेलं बी रुजत नाही: साठवलेल्या भाजी-बियाण्याची घरची परीक्षा

जूनचा दुसरा आठवडा उजाडला की आमच्या वाडीत तेच बोलणं सुरू होतं. "भेंडी टाकून दहा दिवस झाले, चार कोंब वर आलेत." "पडवळाची आळी रिकामीच आहेत." कुणी पावसाला दोष देतं, कुणी मुंग्यांना, कुणी दुकानदाराला. पुन्हा बी आणून टाकेपर्यंत पंधरा दिवस जातात आणि कोकणात वेलभाजीला ते पंधरा दिवस परवडत नाहीत. मृगाच्या पहिल्या सरींवर रुजलेला वेल आर्द्राचा पाऊस लागेपर्यंत मुळं धरून मांडवाकडे निघालेला असतो. उशिरा रुजलेला तेव्हा दोन पानांवर असतो आणि आळ्यात साचलेल्या पाण्यात कुजतो.

मी दापोली तालुक्यात, खाडीच्या काठावर राहते. भेंडी, शिराळं (दोडका), पडवळ, कारलं, तवसं (मोठी पावसाळी काकडी), लाल माठ, चवळी आणि मिरची यांचं बी घरचंच धरते. सलग तीन वर्षं माझी भेंडी मृगात फसली. चौथ्या वर्षी ठरवलं की बी आधी तपासायचं आणि मगच टाकायचं. मे महिन्यात ताटलीत ओलं फडकं पसरून पन्नास बिया मांडल्या, दिवसातून तीनदा पाणी शिंपडलं आणि दहा दिवस वाट पाहिली. पन्नासांतल्या तीन रुजल्या. शेजारच्या काकी बघायला आल्या आणि म्हणाल्या, "बी मेलं गो तुझं, नवीन आण." बरणी ओतून टाकायच्याच बेतात होते.

बी मेलेलं नव्हतं. माझी परीक्षा चुकली होती. म्हणून बियाण्याच्या आधी परीक्षेबद्दल सांगते.

आधी परीक्षाच तपासा

त्याच आठवड्यात उसळीला भिजवलेल्या मुगाला धड मोड आले नाहीत. मूग नवा होता, आदल्या महिन्यातच आणलेला. तेव्हा फडक्याकडे नीट पाहिलं, तर कडेला पांढरी रेघ उमटलेली. आमची विहीर खाडीपासून दूर नाही. एप्रिल-मे महिन्यात पाण्याची पातळी खाली गेली की पाणी मचूळ होतं. ताटलीतलं पाणी वाऱ्यावर उडून जात होतं आणि मीठ फडक्यातच राहत होतं. मी तीनदा शिंपडत होते, म्हणजे रोज तीनदा मीठ घालत होते. बाहेर मीठ जास्त असलं की बियाला पाणी ओढून घेता येत नाही. ओल्या फडक्यावर पडूनही ते तहानलेलंच राहतं.

त्याच बरणीतल्या आणखी पन्नास बिया वरच्या झऱ्याच्या पाण्यावर लावल्या, तेव्हा चौतीस रुजल्या.

तेव्हापासून माझा एक नियम आहे आणि या सगळ्या लिखाणातून एकच गोष्ट घ्यायची असेल तर ती हीच घ्या. प्रत्येक परीक्षेत, त्याच फडक्याच्या एका कोपऱ्यात, नव्या मुगाचे दहा दाणे ठेवा. मूग हा साक्षीदार. दोन-तीन दिवसांत नऊ-दहा दाण्यांना चांगले मोड आले, तर पाणी, फडकं आणि ऊब ठीक आहे. मग तुमचं बी रुजलं नाही, तर दोष बियाचाच. मूगही रखडला, तर बियाबद्दल काहीच बोलू नका. पाणी बदला, फडकं बदला, जागा बदला आणि पुन्हा लावा.

मुगाने मला आणखी दोन चुका दाखवल्या. एकदा फडकं साबणाने धुऊन नीट खळबळलं नव्हतं. एकदा गुंडाळी पत्र्याच्या पडवीत ठेवली होती. मे महिन्यात दुपारी पत्र्याखाली इतकं तापतं की बी शिजूनच निघतं. माजघरात, पिण्याच्या पाण्याच्या मडक्यांजवळची जागा चांगली. आपल्याकडे मे महिन्यात घरात जी ऊब असते, ती भेंडी, मिरची, वांगं आणि सगळ्या वेलभाज्यांना मानवते. त्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही.

परीक्षा कशी लावायची

वेळ महत्त्वाची. अक्षय तृतीया झाली की लावा. मिरची आणि वांग्याला निकाल द्यायला चौदा दिवस लागतात, भेंडीची शेवटची मोजणी तर एकविसाव्या दिवशी करतात. रोहिणी नक्षत्र लागायच्या सुमारास आकडा हातात आला, तर नवं बी आणायला मृगापर्यंत वेळ उरतो. हिवाळी मळ्यासाठी दुसरी परीक्षा नवरात्रात. आमच्या सासूबाई घटाजवळच्या रुजवणाकडे बारकाईने बघायच्या. कुठलं धान्य दाट आलं आणि कुठलं विरळ, यावरून घरच्या बियाण्याचा अंदाज बांधायच्या. मी त्याच दिवसांत मुळा, माठ आणि वालाची गुंडाळी लावते.

बी निवडताना हात लबाडी करतो, टपोऱ्या दाण्यांकडेच जातो. तसं होऊ देऊ नका. बरणी ताटात ओता, हाताने कालवा आणि वरून, मधून, तळातून सरसकट उचला. फुटकं, किडकं आणि पोचट आधीच वेगळं करा, पण पेरताना जे टाकणार नाही तेवढंच. पेरायचं सगळं आणि परीक्षेला फक्त गोंडस दाणे, असं केलंत तर आकडा खोटा येतो.

पन्नास बिया घ्या. शंभर असतील तर उत्तम. बीज परीक्षण प्रयोगशाळेत चारशे बिया लावतात, शंभर-शंभरच्या चार वाट्यांत. दहा बियांची परीक्षा सगळीकडे सांगितली जाते, पण तिच्यावर मी विसंबत नाही. दहांतल्या सात रुजल्या, तर खरी उगवण सत्तर टक्के असेलच असं नाही. ती पस्तीस टक्क्यांपासून नव्वदच्या पुढेही असू शकते. दहांत एकही रुजली नाही, तरी बरणीतला चौथा हिस्सा जिवंत असू शकतो. पन्नासांतल्या पस्तीस रुजल्या, तर पल्ला साधारण पंचावन्न ते ब्याऐंशी टक्क्यांवर येतो. शंभरांतल्या सत्तर असतील तर साठ ते एकोणऐंशी. दुर्मिळ भोपळ्याच्या तीसच बिया असतील, तर नाइलाजाने दहा लावा, पण त्या आकड्यावर बरणी फेकू नका.

जुना सुती पंचा उकळत्या पाण्यातून काढून थंड करा. घट्ट पिळा. बोटाने दाबल्यावर बोटाभोवती पाणी जमता कामा नये. बी पाण्यात बुडलं की त्याला हवा मिळत नाही आणि ते गुदमरतं. घरच्या परीक्षा फसण्याचं, मचूळ पाण्यानंतरचं, हे दुसरं मोठं कारण. पंचाची दुहेरी घडी करून अर्ध्या भागावर दहाच्या पाच ओळी मांडा, दोन बियांत बोटभर अंतर ठेवा, उरलेला भाग वर घ्या आणि सैल गुंडाळी करा. भाजीचं नाव आणि तारीख पेन्सिलीने चिठ्ठीवर लिहून आत ठेवा, पेनाची शाई ओलीत पसरते. गुंडाळी स्टीलच्या डब्यात उभी ठेवा, झाकण किंचित कलतं. डब्यात ओल टिकते, त्यामुळे रोज पाणी घालावं लागत नाही. दोन दिवसांआड उघडून बघा, कोरडं वाटलं तरच उकळून गार केलेलं गोडं पाणी शिंपडा. माठासारखं बारीक बी गुंडाळीत हरवतं, ते झाकणाच्या ताटलीत टीपकागदावर लावा.

पाकिटातलं गुलाबी, लाल किंवा हिरवं बी औषध लावलेलं असतं. ते हाताळल्यावर हात धुवा, त्याचं फडकं पुन्हा स्वयंपाकघरात वापरू नका आणि साक्षीदार मूग नंतर खाऊ नका.

मोजायचं काय

फुगलेलं बी म्हणजे जिवंत बी नव्हे. मेलेलं बीही पाणी पिऊन फुगतं. मोजायचं ते धड रोप: पांढरं, टोकदार मूळ, सरळ देठ आणि शाबूत बीजदलं, म्हणजे बियातून निघणारी पहिली जाड पानं. मुळाचं टोक तपकिरी किंवा काचेसारखं झालं असेल, नुसता कोंब आला आणि मूळ नसेल किंवा मूळ आखूड राहून जाड झालं असेल, तर ते मेल्यातच धरा. मातीत ते वर येणार नाही. सुरुवातीला मी अशांनाही मोजायचे आणि आकडा दहा-बारा टक्क्यांनी फुगायचा.

दिवस भाजीप्रमाणे ठरतात. चवळी आणि काकडीला आठ दिवस पुरतात. मुळ्याला दहा, कांद्याला बारा. दुधी, शिराळं, कारलं, टोमॅटो, वांगं आणि मिरचीला चौदा. भेंडी तर एकवीस दिवस ठेवायची म्हणतात, पण चांगली भेंडी चार ते सात दिवसांतच मूळ दाखवते. म्हणून मी दोनदा मोजते. पहिली मोजणी लवकरची, भेंडीला चौथ्या-पाचव्या दिवशी, मिरचीला सातव्या. दुसरी शेवटची. शेवटचा आकडा सत्तर आला, पण पहिल्या मोजणीत जेमतेम दहा होते, तर बी जिवंत आहे पण थकलेलं. फडक्याच्या उबेत ते सावकाश उठतं, मृगाच्या गार चिखलात उठणार नाही. हा फरक एका आकड्यात दिसत नाही आणि फसवणूक बहुतेक इथेच होते.

तुलनेसाठी, प्रमाणित बियाण्याची सरकारने ठरवलेली किमान उगवण अशी आहे: भेंडी ६५ टक्के, वांगं, टोमॅटो आणि मुळा ७०, मिरची ६०, दुधी-कारलं-शिराळं-काकडी ६०, चवळी ७५. म्हणजे दुकानातल्या उत्तम पाकिटातलीही शंभरातली शंभर मिरची रुजेल अशी अपेक्षा धरू नका. पाकिटावर चाचणीची तारीख असते. लेबलाची वैधता त्या तारखेपासून नऊ महिन्यांची असते. पाकीट घेताना किमतीच्या आधी ती तारीख वाचा.

बियाणं मोजून पारखण्याची ही रीत जुनी आहे. बाजारात खोटं आणि मेलेलं बी खपवलं जातं हे पाहून फ्रीडरिक नोबे यांनी १८६९ साली जर्मनीत थारांड इथे पहिली बीज परीक्षण प्रयोगशाळा सुरू केली. आपली गुंडाळी तिचीच घरगुती बहीण.

गुंडाळी उघडल्यावर काय दिसतं, त्यावरून

*बी लिबलिबीत, दाबलं की आतून पू निघाल्यासारखं, वास मारतं.* मेलेलं. बुरशीने बी मारलं असं लोक म्हणतात. बहुतेक वेळा उलट असतं, आधी बी मेलं आणि मग बुरशीने ते खाल्लं. पण मुगावरही बुरशी दिसली, तर फडकं नीट उकळलेलं नाही. परीक्षा पुन्हा लावा.

*बी दगडासारखं कोरडं, फुगलेलंच नाही.* हे मेलेलं नव्हे, निदान अजून तरी नव्हे. आवरण इतकं टणक आहे की पाणी आत शिरलेलं नाही. चवळी, वाल यांसारखी शेंगवर्गीय भाजी आणि भेंडी यांत असे काही दाणे निघतात. पॉलिश पेपरवर हलक्या हाताने घासा आणि पुन्हा लावा. कारल्याला जाड कवच असतं, नखं कापायच्या कटरने कडेचा किंचित टवका काढा, आतल्या गराला लागू न देता. एक करा, निम्मं बी टवका काढून आणि निम्मं तसंच लावा. माझ्या कारल्यात हा फरक इतका मोठा निघाला की मी आता पेरतानाही टवका काढते. रात्रभर भिजवणं ठीक, दोन दिवस भिजवणं नको. तिथेही बी गुदमरतं.

*ताजं बी, मागच्याच महिन्यात काढलेलं, आणि रुजत नाही.* वांगं, कारलं आणि काही वेलभाज्यांचं ताजं बी काही आठवडे झोपलेलं असतं. फेकू नका. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा लावा.

*फ्रीजमधून काढलेली चवळी किंवा वाल भिजवल्यावर दाणे चिरतात, दलं गळतात.* फार कोरडा आणि थंड दाणा एकदम पाण्यात पडला की घाईने पाणी ओढतो आणि आतून फाटतो. बाटली बंदच ठेवून घराच्या उबेला येऊ द्या. मग दाणे एक रात्र ओल्या फडक्याच्या शेजारी, फडक्याला न टेकता, झाकणाच्या डब्यात ठेवा. दमट हवेतून थोडं पाणी प्यायलं की दुसऱ्या दिवशी ओलीवर ठेवा.

*दाण्याला गोल भोक.* कडधान्यातला भुंगा. दाण्यावर पांढरे ठिपके दिसले, तर ती त्याची अंडी, भोक अजून पडायचं आहे. भोक पडलेला दाणा कधी रुजतो, कधी नाही. अळीने कोंबाकडचा भाग खाल्ला की संपलं. असं बी मी पेरत नाही, कारण त्याबरोबर भुंगाही घरात राहतो.

*फडक्यात ऐंशी टक्के, मातीत वीस.* यावर थोडं थांबते, कारण सगळ्यात जास्त वेळा हेच विचारलं जातं. पहिलं कारण वर सांगितलं: थकलेलं बी. दुसरं, आपली माती. जांभ्याच्या लाल मातीवर जोराची सर पडून वर ऊन आलं की पातळ पापुद्रा जमतो, माठाचा किंवा मिरचीचा कोंब तो फोडू शकत नाही. त्यावर पालापाचोळ्याचा पातळ थर किंवा चाळलेलं शेणखत पसरा. तिसरं, खोली. बियाच्या जाडीच्या दोन-तीन पट, त्याहून खोल नको. माठ तर मातीवर टाकून नुसता हात फिरवायचा. चौथं, आळं. खोलगट आळं उन्हाळ्यात पाणी धरायला चांगलं, मृगात त्यात तळं होतं. पावसाळी वेलाला मातीचा उंचवटा करा. आणि रात्री बॅटरी घेऊन एकदा बाहेर जा. गोगलगायी आणि खेकडे कोवळा कोंब जमिनीलगत कापून नेतात, सकाळी वाटतं बी रुजलंच नाही.

यातलं कारण कोणतं हे ओळखायला करवंटीची परीक्षा करा. ज्या वाफ्यात पेरणार तिथलीच माती चार करवंट्यांत भरा, तळाला भोक पाडा, प्रत्येकीत पाच बिया टाका आणि पडवीत ठेवा. फडक्यात रुजतं, करवंटीत रुजतं, पण वाफ्यात नाही, तर दोष पावसाचा किंवा खाणाऱ्यांचा. करवंटीतही नाही, तर बी थकलेलं किंवा माती बंद झालेली.

पाण्यात बी टाकायचं, बुडालं ते चांगलं आणि तरंगलं ते वाईट, ही युक्ती अनेकजण सांगतात. भात बियाण्यात पोचट दाणे काढायला मिठाचं पाणी वापरतात, ती पद्धत योग्य. पण तिच्यातून कळतं ते दाणा भरलेला आहे की रिकामा, जिवंत आहे की मेलेला हे नव्हे. तीन वर्षं ओलीत मेलेली भेंडीही बुडते. आणि दुधी-भोपळ्याच्या कवचात हवा असते, त्याचं चांगलं बीही तरंगतं. प्रयोगशाळेत घाईच्या वेळी टेट्राझोलियम नावाचं रसायन वापरतात. ते रंगहीन असतं, जिवंत पेशींत गेलं की लाल होतं, आणि एका दिवसात निकाल मिळतो. घरी मात्र गुंडाळीच लावावी.

आकडा आला, आता किती बी टाकायचं

आळ्यात एक तरी वेल हवा असेल आणि उगवण साठ टक्के असेल, तर दोन बिया टाकून शंभरातली सोळा आळी रिकामी राहतात. तीन टाकल्या तर सहा-सात. उगवण चाळीसवर आली, तर तीन बिया टाकूनही बावीस आळी रिकामी, पाच टाकल्या तर आठ. चाळीसच्या खाली मी थेट पेरत नाही. जातच दुर्मिळ असेल, तर आधी फडक्यात मोड काढते आणि मोड आलेलं बी करवंटीत लावते. बाजारात मिळणारी जात असेल, तर सरळ नवं बी आणते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या कोकण तारा कारलं, कोकण हरिता दोडका, कोकण श्वेता पडवळ, कोकण सदाबहार चवळी या सुधारित जाती आहेत, संकरित नव्हेत. त्यांचं बी एकदा आणलं की पुढे घरी धरता येतं. वेलभाजीची दुसरी जात जवळपास नसावी एवढं मात्र पाहा.

मुळात बी मेलं कधी

बी जूनमध्ये मरत नाही. ते मागच्या जुलै-सप्टेंबरमध्ये, कपाटात, आपल्या नकळत मेलेलं असतं. बाहेर धो धो पाऊस, हवेतली आर्द्रता पंच्याऐंशी-नव्वद टक्के, आणि कापडी पिशवीतलं बी ती ओल पीत बसतं. प्रमाणित भेंडीच्या बियाण्यात ओलावा दहा टक्क्यांच्या वर चालत नाही, हवाबंद डब्यात ठेवायचं तर आठच्या वर नाही. मिरची-वांग्याला या मर्यादा आठ आणि सहा. आपल्या पावसात उघडं राहिलेलं भेंडीचं बी सहज तेरा-चौदापर्यंत जातं. जेम्स हॅरिंग्टन या अमेरिकी बीजशास्त्रज्ञाचा एक ढोबळ नियम आहे: ओलावा पाच ते चौदा टक्क्यांच्या दरम्यान असताना तो एक टक्क्याने उतरला की बियाचं आयुष्य दुप्पट होतं, आणि साठवणीचं तापमान पाच अंशांनी उतरलं की पुन्हा दुप्पट. उलटही खरं. आठवरून तेरावर गेलं, म्हणजे पाच वेळा निम्मं, बत्तिसावा हिस्सा उरला. माझी तीन वर्षांची भेंडी अशाच कापडी पिशवीत गेली.

म्हणून पुस्तकातले आकडे आपल्याकडे जसेच्या तसे लावू नका. काकडी पाच वर्षं, टोमॅटो चार, मिरची दोन, कांदा एक, हे थंड-कोरड्या हवेचे आकडे आहेत. कोकणात उघड्या बियाने एक पावसाळा काढला, की मी त्याला जुनं मानते.

जुनी माणसं हे आकड्याविना जाणून होती. शिराळ्याचं पिकून वाळलेलं फळ वाशाला चुलीच्या धुरावर टांगून ठेवायचं आणि बी त्यातच राहू द्यायचं. चुलीची ऊब पावसाळाभर त्याला कोरडं ठेवायची. चवळी-वालात चाळलेली राख घालायची. घरात गॅस आला, चूल गेली, पण बी त्याच जागी ठेवायची सवय राहिली, आणि वर ऊबच उरली नाही. बी बिघडण्याचं हे कारण कुणी बोलत नाही, मला ते मोठं वाटतं.

वाळवण एप्रिल-मे महिन्यात करू नका. ऊन कडक असतं, पण हवा दमट, बी एका पातळीखाली वाळतच नाही. खरा काळ डिसेंबर ते फेब्रुवारी. सकाळी दव उडालं की मतलई वारा जमिनीकडून कोरडा वाहतो. दहा ते दोन बी सावलीत किंवा कोवळ्या उन्हात पातळ पसरा, आणि दुपारी खारा वारा सुटला की लगेच आत घ्या. तोच वारा सकाळचं वाळवण परत ओलं करतो. तवसं-दुधीचं बी वाकवलं तर मोडलं पाहिजे, नुसतं वाकलं तर ओलं. चवळीवर हातोडी मारली तर फुटून भुगा व्हायला हवा, चेपली तर अजून वाळवा. आणखी एक तपासणी: काचेच्या कोरड्या बाटलीत थोडं बी आणि दोन चमचे भाजून गार केलेलं मीठ घालून हलवा. दहा मिनिटांत मीठ काचेला चिकटलं, तर ओलावा पंधरा टक्क्यांच्या वर आहे. चिकटलं नाही म्हणजे बी साठवणीला तयार झालं असं मात्र नव्हे.

शेवटचा ओलावा काढायला बियाइतक्याच वजनाचे तांदूळ कढईत तांबूस होईपर्यंत भाजा, घट्ट झाकणाच्या डब्यात गार करा, फडक्यात पुरचुंडी बांधून बियाच्या बरणीत दोन आठवडे ठेवा आणि मग काढा. सिलिका जेल मिळालं तर आठ-दहा दिवस पुरे. त्यानंतर रबरी कडीचं झाकण असलेली बरणी, काठोकाठ भरलेली. पावसाळ्यात ती उघडायची नाही. ओलं बी मात्र घट्ट बाटलीत कधीही कोंडू नका, कापडी पिशवीपेक्षा ते तिथे लवकर मरतं.

फ्रीज चांगला, पण त्याच्यावर भिस्त ठेवताना वीज आठवा. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, तेव्हा आमच्या वाडीत कित्येक दिवस वीज नव्हती. फ्रीजमध्ये पाणी सुटलं. साध्या प्लास्टिकच्या पिशव्यांतलं माझं मिरचीचं बी भिजून गेलं, रबरी झाकणाच्या बरणीतलं वाचलं. तेव्हापासून प्रत्येक जातीचं थोडं बी माहेरी, घाटावर पाठवते, आणि थोडं शेजारच्या काकींकडे असतं.

परीक्षेत रुजलेली रोपं टाकू नका. मिरची आणि वांग्याच्या मूळ आलेल्या बिया चिमट्याने, देठाला न दाबता बीजदल धरून उचला आणि करवंटीत अर्धी माती, अर्धं कुजलेलं शेणखत घालून लावा. रोहिणी संपेपर्यंत त्यांना खरी पानं यायला लागतात, आणि मृगाच्या पहिल्या सरी होऊन गेल्या की ती गादीवाफ्यात जातात. गेल्या वर्षी माझ्या मिरचीची पहिली तोडणी या परीक्षेच्या रोपांचीच होती.